हातावरचं दही

रामघाट, काशी
जुलै २०२०

प्रिय विश्वजीत,

आई आणि मी, दोघी ठीक आहोत. फोनवर बोलताना ऋता तुझ्या मांडीवर असते, म्हणून हे लिहून पाठवते आहे. ती झोपली की वाच.

अण्णांच्या तेराव्याला आले, ती इथलीच होऊन बसले. काल वकिलातीकडून पुन्हा तेच उत्तर आलं. जपानी नागरिकांना परत येता येतं, तिथे राहणाऱ्या आपल्यासारख्या परदेशी लोकांना कोरोनामुळे सध्या नाही. समोरच्या भागवतकाकू रोज विचारतात, "अगं, नवरा तिथे, पोर तिथे, मग तुला घेत का नाहीत?"

आई मात्र तयारीत असते. निघणाऱ्याच्या हातावर दही ठेवल्याशिवाय ती कुणाला उंबरा ओलांडू देत नाही, तुला माहीत आहेच. सुरुवातीला एकदा दही चाटून, बॅग ओढत चौकापर्यंत गेलेही होते. तिथेच तिकीट रद्द झाल्याचा मेसेज आला. तेव्हापासून परवानगी अचानक आली तर दही घरात हवं, म्हणून आई रोज विरजण लावते आणि आम्ही रोज कढी खातो. दमले रे आता.

ऋताचा हलणारा दात पडला का? तिचे केस डोळ्यांत येतात, तूच काप. वाकडे झाले तरी चालतील.

काल ते उत्तर वाचून दाखवलं, तेव्हा आईने विरजणासाठी ठेवलेलं दूध चहात ओतलं. "आता कशाला?" एवढंच म्हणाली. ती देवापाशी बसल्यावर पातेल्यात उरलं होतं तेवढ्या दुधाला मीच विरजण लावलं.

तुम्हा दोघांची,
निवेदिता