तिथे तुमचं कोण आहे?

आरोंदा,
२८ ऑगस्ट २०२५

प्रिय क्लेटनदादा,

येशूच्या कृपेने तू बरा असशील, असं धरून लिहितेय. आम्ही तिघंही बरी आहोत. काल चतुर्थी झाली. शेजारच्या सुगंधाकाकीकडून गोड नेवऱ्या आल्या. पाऊस अजून थांबलेला नाही, परवा भरतीला खाडीचं पाणी मागच्या माडांपर्यंत आलं होतं. पप्पांचा गुडघा दुखतो, पण ते कबूल करत नाहीत.

हे पत्र आपल्या वाडीतल्या रोनीच्या हाती देतेय. त्याची सुट्टी संपली, रविवारी तो परत इंग्लंडला निघतोय. त्याचे आजोबा गोव्याचे, म्हणून त्याच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट, आणि ब्रेक्झिटच्या आधीपासून तो तिथेच; त्याला कोणी अडवत नाही. फोनवर बोलले असते, पण तू फोन करतोस मम्मीला, तोही दर वेळी वेगळ्या नंबरवरून. बोलणं होण्याआधीच तिचं रडणं सुरू होतं.

बातमी अशी की माझाही इंग्लंडचा व्हिसा आला. आठ सप्टेंबरचं मोतीचं फेस्त, मारियामातेचा सण, झाला की निघेन. कालवांच्या शेतीवर एम.एस्सी. करणार आहे. तू हसशील. लहानपणी कालवं फोडताना मी बोट कापून घ्यायचे, आणि आता त्यांच्यासाठी इतक्या लांब चाललेय. बॅग अजून भरलेली नाही. मम्मी रोज कोकमं घालते आणि मी रोज थोडी बाहेर काढते.

दादा, किती वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसले आहे बघ. आता सांगते.

तू शिकायला गेलास तेव्हा सगळं एजंटने भरलं होतं. माझा अर्ज मी स्वतः भरला, एकेक ओळ वाचून. तेव्हा मला कळलं की विद्यार्थ्याचा व्हिसा त्या विद्यापीठाला बांधलेला असतो. वर्गात जाणं सोडलं की विद्यापीठ सरकारला कळवतं, आणि मग तिथे राहायचा हक्कच संपतो. पप्पा गावात सांगतात, 'क्लेटन मोठ्या कंपनीत आहे.' तू कॉलेज सोडलंस एवढंच मला ठाऊक होतं; त्यामुळे तू व्हिसाविना उरलास, हे मला त्या अर्जाने सांगितलं. तू कधी सांगितलं नाहीस.

त्याच अर्जात एक प्रश्न होता. तुमच्या कुटुंबातलं कोणी इंग्लंडमध्ये आहे का? असल्यास नाव, नातं, आणि कोणत्या व्हिसावर.

मी पप्पांना दाखवला. त्यांनी चश्मा काढला, पुसला, परत लावला.

"नाय म्हणान घाल."

"पप्पा, खोटां गावलां तर धा वर्सां थंयचां दार बंद."

"कोण बघूक येतलो? तुका भाव नाय. आमका एकच चेडू, असां सांग."

मम्मी आत मासे साफ करत होती. तिची सुरी थांबली. बाहेर मात्र ती आली नाही.

ज्या सिप्रियन लोबो सरांनी, आपल्याच पप्पांनी, हायस्कुलात एकाही पोराला कधी कॉपी करू दिली नाही, ते माझ्याकडून खोटं पाठ करून घ्यायला लागले. व्हिसाच्या मुलाखतीची तयारी म्हणून रोज संध्याकाळी समोर बसवून विचारायचे, 'भावंडं किती?' मी म्हणायचे, 'एकटीच.' ते म्हणायचे, 'आवाज कापता तुझो. परत.'

त्यांना माहीत नव्हतं की अर्जात मी तुझं नाव आधीच लिहून पाठवलं होतं.

मुलाखतीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी बाहेरच्या खोलीत होते, पप्पा दाराआड. समोर व्हिसा खात्याची एक बाई होती. कोर्स, कॉलेज, पुढे काय करणार, सगळं विचारून झालं. मग ती म्हणाली, "तुमचा भाऊ इथे आहे आणि त्याच्याकडे व्हिसा नाही, असं तुम्ही लिहिलंय. तो कुठे राहतो?"

दाराआडची खुर्ची करकरली.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. आणि ते खरं होतं. रोनीला मी तुझा पत्ता कितीदा विचारला, तो एकच सांगतो, 'तुका म्हायत नसलेलांच बरां.' का, ते मला त्या क्षणी कळलं.

"मग तुम्हीही तुमच्या भावासारखंच करणार नाही कशावरून?"

पाठ केलेलं सगळं विसरले. तोंडातून निघून गेलं, "माझ्या आईने चार वर्षं मुलाचं तोंड पाहिलेलं नाही. हे तिच्या वाट्याला मी दुसऱ्यांदा आणणार नाही."

हे वाचून तुला लागेल. लागू दे.

कॉल संपला. पप्पा दारात उभे होते.

"नाव दिलंस?"

"होय."

"पुरां?"

"क्लेटन सिप्रियन लोबो."

"आता पोलीस त्याच्या दारात जातले. शिकण्यापायी भाव इकलंस तू!"

ते तसेच पावसात बाहेर गेले. मम्मी आली, तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चार वर्सांत आज पयल्यांदा ह्या घरात माझ्या झिलाचां नाव कोणी मोठ्यान घेतलां."

व्हिसा येईपर्यंत पप्पा माझ्याशी बोलले नाहीत. दादा, त्या दिवसांत मी स्वतःला खूप विचारलं. मी खरं बोलले ते खऱ्यासाठी, की पकडलं जायच्या भीतीने? की मला शिकायचंच होतं म्हणून? अजून मला नक्की सांगता येत नाही. एवढंच सांगू शकते की तुझं नाव मी दिलंय, आणि ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

परवा व्हिसा लागून पासपोर्ट परत आला. पप्पांनी तो हातात घेऊन बराच वेळ वाचला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याका पत्र लिही. पप्पान घराक बोलावल्यान म्हणान सांग. माझ्यान लिवक होवचां नाय."

म्हणून हे पत्र. ये, दादा. आपणहून परतणाऱ्याला वाट आहे, पुढेमागे पुन्हा अर्जही करता येतो, मी नीट वाचलंय. लपून राहून सापडलास तर मात्र कठीण. गावात लोक काय बोलायचं ते बोलतील. पप्पांनी त्याची तयारी केलीय, असं मला वाटतं.

मी तिकडे पोचले की भेट, असं लिहिणार होते. नको. मला तिकडे शोधू नकोस, मीही रोनीला काही विचारणार नाही; परत कोणी विचारलं तर माझं 'माहीत नाही' खरंच राहू दे. या नाताळात मला येता येणार नाही. तू ये. आपल्यापैकी एकाने तरी मम्मीजवळ असायला हवं.

विचारणाऱ्याला 'होय, मला भाऊ आहे' असं सांगितलेली,
तुझी बहीण,
ॲश्लिन