माझ्या रक्तातले दोन आकडे

ती. ताईस,

धाकट्याचा पलंगावरूनच वाकून नमस्कार. दाजींचा खोकला थांबला का? मी उत्तम आहे. दवाखान्यात आहे, पण उत्तम आहे.

झालं असं, की गुरुवारी दुपारी दुकानात एका शर्टाची कॉलर बसवताना छातीवर कुणीतरी शिलाई मशीन आणून ठेवल्यासारखं झालं. पित्त, असं मी निदान केलं (चाळीस वर्षं लोकांच्या छात्या मोजतोय, मला नाही तर कुणाला कळणार), पण तुझ्या भावजयीनं शटर ओढलं आणि मला शेजाऱ्याच्या गाडीत कोंबलं. ईसीजीत फारसं काही दिसलं नाही. मी बटणं लावायलाही घेतली. तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, बसा. रक्तात ट्रोपोनिन वाढलंय. हृदयाला इजा झाली की ते वाढतं." दोन तासांनी पुन्हा रक्त घेतलं, तर तिप्पट.

मग नळीतून रंग सोडून बंद पडलेली वाहिनी शोधली आणि तिथे स्टेंट बसवला. तो चोख बसलाय. पण तिसऱ्या दिवशी दुसराच आकडा चढला, क्रिएटिनिनचा (किडनी किती कचरा मागे ठेवते, त्याचं ते माप). एकचं अडीच झालं. किडनीच्या डॉक्टरांनी विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या घेता का?" तुझी भावजय शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "छे." डायलिसिसचं नाव निघताच ती हृदयाच्या डॉक्टरांवर बरसली, की तुमच्या रंगानं माणसाची किडनी नासवलीत. बिचारे ऐकून घेत राहिले. तेव्हापासून नर्स माझी लघवी मोजून लिहिते (मी सांगितलेलं माप लिहीत नाही, मी, अर्धा इंचही न चुकणारा माणूस). आज आकडा एक पूर्णांक आठवर उतरला, डायलिसिस टळलं. तेव्हा काळजी नको. यायची तर मुळीच गरज नाही.

तुझा,
धाकटा

ता.क. ये.

आणखी ता.क. कंबरेसाठी चार वर्षं रोज दोन गोळ्या घेत होतो, भावजयीच्या चोरून. आज ती चहा आणायला गेल्यावर किडनीच्या डॉक्टरांना सांगून टाकलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं. सगळं खापर रंगावर नाही फोडता येणार." आता हृदयाच्या डॉक्टरांची माफी तिनं मागायची की मी, हे तू समोर असल्याशिवाय शांतपणे ठरणार नाही.

शेवटचा ता.क. त्या गोळ्यांचं नाव मला तुझ्याकडूनच मिळालं होतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तू गुडघ्यांसाठी त्या अजून घेतेस. आजची घेऊ नकोस, दुखले तर दुखू देत. आधी रक्त तपासून घे आणि क्रिएटिनिनचा कागद घेऊनच ये. खरं सांगू, इथे पडल्या पडल्या मी माझ्या आकड्यापेक्षा तुझ्या आकड्यालाच जास्त भितोय.