आय कम, मॅडम

३ फेब्रुवारी

परत तोच वैताग! ताई सकाळच्या एसटीनं वलवणला गेली. तिथं एका बंगल्यात सिंगापूरला घरकामाला जाणाऱ्या बायकांचा क्लास चालतो. आणि मी कार्ल्यात, तिच्या राजूला सांभाळत. राजू तीन वर्षांची. कडेवर घेतली की केस ओढते, खाली ठेवली की रस्त्याकडं पळते.

"चार दिसांचा तर प्रश्न हाय," म्हणाली होती ताई. चार दिवस कधीच गेले! मला मनालीच्या कॅम्पवर कामाला जायचंय. पवना धरणाकाठी दुसऱ्यांसाठी तंबू ठोकून कंटाळले, आता बर्फ बघायचाय. मार्चात निघायचं. ताईला अजून बोलले नाही.

आईचं एकच — "तुज्या पायाला भिंगरी. पोरीपायी तरी टेकशील." आईचे गुडघे कामातून गेलेत. दाजी वारल्यापासून सगळं ताईवर. कळतं मला! पण मी काय खुंट आहे रोवायला?

६ फेब्रुवारी

क्लासमध्ये बाळाची अंघोळ शिकवतात, टबातली, बाहुलीवर. आमची ताई सरळ फरशीवर बसली, पाय लांब केले, बाहुली पायांवर पालथी घातली आणि लागली चोळायला! मॅडम म्हणाल्या, "प्रतीक्षा, तिकडे अशा बसलात तर मालकीण ॲम्ब्युलन्स बोलावेल."

घरी येऊन तिनंच सांगितलं, पोट धरून हसलो दोघी. मग ताईनं राजूला तशीच पायांवर घेऊन अंघोळ घातली. लय वेळ. पाणी गार झालं तरी.

९ फेब्रुवारी

राजूनं माझा चार्जर बादलीत बुडवला. बास.

१२ फेब्रुवारी

डोकं फिरलंय. आज सिंगापूरच्या बाईंनी ताईची व्हिडिओवर मुलाखत घेतली. मी राजूला घेऊन सोबत गेलेले. मधेच वलवणच्या धरणावर बगळे बघत बसले, परत आले तर शेवटचा प्रश्न चाललेला — दोन वर्षं घरी जाता येणार नाही, मुलगी लहान आहे, चालेल का?

क्लासच्या मॅडमनी ताईला मराठीत सांगितलं. घरी विचारून सांगते, असं म्हणायचं होतं तिला. इंग्रजीत जुळेना. घाबरून उठली आणि कुणाकडूनही निघताना म्हणतो तेच म्हणाली — येते. "ओके मॅडम, आय कम."

बाई खूश! झालं सिलेक्शन!

"अगं, जाते म्हणायचं ना!"

"कुणाच्या हितनं निघताना जाते म्हणत्यात व्हय?"

"मग सांग त्यांना, चूक झाली म्हणून."

कार्ला फाट्यावर उतरल्यावर ताई म्हणाली, "तेजू, चूक झाली का न्हाई, मलाच कळंना. तू हायेस ना?"

मी आहे! मला कुणी विचारलं? येते म्हणाली ही, अडकले मी!

१३ फेब्रुवारी

मनालीचं सांगून टाकलं. ओरडूनच. ताई म्हणाली, "जा की. मी कळवते त्यास्नी, न्हाई म्हणून." आणि भाकरी थापत राहिली. थापून थापून भाकरीला भोक पडलं तरी थापतेच आहे. भांडली असती तर बरं झालं असतं.

१६ फेब्रुवारी

मनालीच्या कॅम्पवाल्या सुहासदादाला फोन केला. यंदा जमत नाही म्हटलं. तो म्हणाला, "तू? आणि घरी?" फोन आपटला.

ताईला म्हटलं, नको कळवूस.

५ एप्रिल

ताई गेली. चप्पल घालायला तिला एवढा वेळ कधी लागला नव्हता. राजू टाटा करत होती — गाडीला.

११ एप्रिल

सकाळी ताईचा व्हिडिओ कॉल चालू होता. फोन डब्याला टेकवलेला. राजू उठली, डोळे चोळत म्हणाली, "आई."

आम्ही दोघींनी एकदमच ओ दिली.

राजू येऊन माझ्या मांडीवर बसली. फोन ताईनंच ठेवला.