केकात गूळ नको

४ ऑगस्ट

नाही, गूळ संपलेला नाही. डबा भरून आहे. तरी केक साखरेचाच होणार – किती वेळा सांगू!

सूनबाई रात्मिनी दुपारभर हेच विचारतेय. येत्या रविवारी आमच्या ह्यांना – दार्सुमना – जाऊन हजार दिवस होतात. आमच्या रीतीप्रमाणे गाव जेवायला येणार. आणि हे तर केक खायचे तो फक्त माडाच्या गुळाचा. "आई, बाबांच्या जेवणाला दुकानची साखर? लोक काय म्हणतील?" म्हणलं, तोंडात केक असला की लोक काही म्हणत नाहीत.

५ ऑगस्ट

पहिला केक. वर-खाली निखारे, सगळं नेहमीसारखं. निघाला पांढराफटक, आजारातून उठल्यासारखा. कोरडा ठक्क! कोंबड्यांना घातला. त्यांनीही आधी विचार केला.

६ ऑगस्ट

शेजारचा कस्वादी माझ्या वाट्याचा गूळ देऊन गेला. आमच्या माडांची नीरा आता तोच काढतो – एक दिवस त्याची, एक दिवस माझी. करवंटीत थापलेल्या ढेपा, अजून कोमट. "वहिनी, यातली एक तरी केकात घाला." म्हणलं, तुझ्या गुळात गुळापेक्षा मुंग्याच जास्त. बिचारा हसला. बायको जाऊन सहा वर्षं झाली त्याची, कुणी टोमणा मारला तरी बरं वाटत असेल.

मग कमरेला बांबूची नळकांडी बांधून सरळ माडावर. मी आत आले, दार लावलं. कान मात्र बाहेरच. तो उतरेपर्यंत चूल पेटवलीच नाही.

दार्सुम त्याच माडावरून पडले. पाय ठेवायची खाच ओली होती. मी खाली भांडं धरून उभी होते.

७ ऑगस्ट

आज परत चढला. वारा होता! दिवसभर काही सुचलं नाही. भात करपला.

८ ऑगस्ट

साखर कढईत तांबूस करून वर नारळाचं दूध ओतलं. उडालं हातावर, फोड आला. रंग आला बाई, पण चव कडू. रात्मिनी म्हणे, हा हट्ट कशाला, कस्वादीकाकांवर राग आहे का? म्हणलं, आहे. त्याच्या मिशीवर.

पोरगी हसली नाही.

९ ऑगस्ट

जमला! साखर जरा आधीच उतरवली, एक पिकलं केळं कुस्करून घातलं. मऊ, तांबूस. रात्मिनीने दोन तुकडे खाल्ले नि म्हणाली, "गुळासारखा नाही."

नाहीच. पण जन्मभर खाता येईल असा आहे.

१० ऑगस्ट

सकाळी माडाकडे बघितलं – वर टांगलेलं एकही नळकांडं नाही! तशीच अनवाणी धावले. तर हा फाटकाशी उभा, दोन्ही पाय जमिनीवर. हातात साखरेचा पुडा.

"कोयता विकला," म्हणाला. "शेळ्या घेतो. आता केक कसला मिळेल ते तू सांग, तुमिराह."

वहिनी म्हणाला नाही. रात्मिनी मागे होती, तिने ऐकलं.

जेवण नीट झालं. केकाचा चुराही उरला नाही.

११ ऑगस्ट

रात्मिनीला सांगून टाकलं – अट माझीच होती. माडावर चढणं सोड, मग लग्नाला हो म्हणते.

एक मात्र तिला नाही सांगितलं. त्याचा गूळ दार्सुमच्या गुळापेक्षा चांगला होता. दर ढेप चाटून बघितली मी.