चौकातला सत्कार

६ जानेवारी
मानवजातीवर आणखी एक घाला. आमच्या व्यसनमुक्ती समितीच्या (यापुढे व्यमुस) बैठकीत आजपासून चहा बंद. चहा हेही व्यसनच, असा ठराव तालमीच्या वस्तादांनी मांडला. मांडताना गालात तंबाखूचा बार, त्यामुळे शब्द नीट कळले नाहीत, तरी एकमताने मंजूर. कोरड्या घशाने सतरंजीवर बसलो. बाकी तालीम, महिला मंडळ, शाळा, मेडिकलवाले, सगळे हजर. पेठेतली पोरं नशेच्या गोळ्यांपासून लांब राहावीत असं सगळ्यांना मनापासून वाटतं. मनापासून वाटणाऱ्यांना अडवणार कसं?

११ जाने.
थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे जेवलो. संकेत, तिचा मुलगा, शिरोलीच्या फौंड्रीत टिकलाय. दिवाळीपासून गोळी नाही. अक्का हे कुणापुढे बोलत नाही. बोललं की मोडेल. पोरगं रश्श्याला पुन्हा वाटी पुढे करत होतं. अक्का त्याच्याकडे न बघता भाकऱ्या थापत राहिली. सगळ्यांचं झाल्यावरसुद्धा.

१७ जाने.
व्यमुस. वस्तादांना संकेतचा सत्कार करायचाय. शाल, फेटा, नारळ. "आपल्या समितीचा पयला सुटलेला पोरगा हाय त्यो!" त्याला गाडीवर घालून व्यसनमुक्ती केंद्रात नेलं होतं ते वस्तादांनीच, त्यांना काय बोलणार. तरी नको म्हणालो. फौंड्रीत कुणाला माहीत नाही म्हणालो. ऐकेनात. मग आमची जीभ: "मग चौकात डिजिटल फलकच लावा की! सगळ्या गावाला कळू दे."
वस्तादांनी पाठीवर थाप मारली. "ह्येला म्हंत्यात डोस्कं!"
चेष्टा केली, म्हणालो. त्यांना तो विनय वाटला.

२० जाने.
सत्काराला संकेत गेलाच नाही. फलक मात्र लागला. दुमजली. मधोमध संकेत, खाली 'नशेच्या गोळ्या कायमच्या सोडल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. भोवती आम्ही समितीवाले हात जोडून. माझा फोटो केस असतानाचा.
अक्काचा फोन. "फलक उतरवून घे," म्हणाली आणि ठेवला.

२२ जाने.
वस्तादांना म्हणालो, उतरवा. "वाढदिवसाचा फलक आठवडाभर ऱ्हातोय, आणि ह्यो दोन दिसांत? लोक म्हणतील, पोरगं परत बिघडलं."
यात खोट काढता येईना. मला!

२४ जाने.
फौंड्रीचा सुपरवायझर ह्याच चौकातून जातो. संकेतला म्हणाला, "अभिनंदन रे. पर भट्टीजवळ असला माणूस नको. उद्यापास्नं येऊ नगंस."
संकेतने हे हसत सांगितलं. "मामा, फोटो तेवढा बरा लावायचा हुता की."

३० जाने.
संकेत दार लावून आत. अक्का दाराबाहेर बसून लसूण सोलते. पातेलं भरलं. एवढा लसूण कोण खाणार...

३ फेब्रुवारी
काल दुपारी बाहेर पडला, आज सकाळी आला. डोळे लाल. अक्काने काही न विचारता अंथरूण घातलं. मी विचारलं.
"न्हाय मामा, काय घेतलं न्हाय."
मला ते खरं वाटलं, असं लिहायला बसलो होतो.
वस्ताद स्वतः शिडी लावून फलक उतरवत होते. खाली आल्यावर म्हणाले, "परत केंद्रात न्यायचं का त्येला? ह्या खेपेला कुणाला न सांगता." तोंडात तंबाखू नव्हती. माझ्याकडे बघत नव्हते.

९ फेब्रु.
संकेतला केंद्राचं विचारलं. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. पलंगाखालून बूट काढले, फौंड्रीतले, लोखंडी टोकाचे. नवा होता तेव्हा शेजारच्या मशीनवरच्या इरफानने आपले जादाचे वापरायला दिलेले.
"तेवढं त्येला देऊन या. मी न्हाय जात तिकडं."
पाळी सुटताना गेटवर उभा राहिलो. इरफान आला.
"कसा हाय त्यो?"
"झोपलाय."
"मग ऱ्हाऊ द्या की मामा. परत आला तर लागतील."
सकाळी पुसून पिशवीत घातलेले बूट काढले आणि त्याच्या हातात दिले.