‘आणि’च्या आधीचा स्वल्पविराम

अण्णा, परवा लेकीने तिच्या लग्नपत्रिकेचा मजकूर मोबाईलवर पाठवला आणि विचारलं, "आई, ‘आणि’च्या आधी कॉमा देतात का गं?" मला हसूच आलं. अहो, याच कॉमापायी तुम्ही तुमच्या छापखान्यात मला किती फैलावर घेतलंत! नाशकातल्या रविवार कारंजाजवळची ती कोंदट खोली, शाईचा वास, आणि प्रुफं तपासायला नव्याने लागलेली मी. यादी आली की शेवटच्या नावाआधी ‘आणि’ असूनही माझा स्वल्पविराम ठरलेला. तुम्ही चष्म्यावरून बघायचात. "‘आणि’ आहे ना तिथे? मग हे शेपूट कशाला? मराठीत हे चालायचं नाही, बाई!" मी मनातल्या मनात तुम्हाला खडूस म्हणायचे.

मग माझंच लग्न ठरलं. सिन्नरहून थोरले चुलते मजकूर घेऊन छापखान्यात आले. निमंत्रकांत सगळे चुलते, सगळ्या चुलत्या. आईचं नाव नाही. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि विधवेचं नाव पत्रिकेत घालत नाहीत म्हणे. प्रूफ निघालं, तेही तपासायला माझ्याच हातात आलं. चुलत्यांसमोर तोंड उघडायची माझी काय बिशाद! तुम्ही प्रूफ ओढून घेतलंत आणि लाल शाईने शेवटी स्वल्पविराम, ‘आणि’ अन् पुढे आईचं नाव लिहिलंत. चुलते भडकले. "अहो, शुभकार्यात हे काय भलतंच?"

"पोरगी तिने वाढवली. तिला वगळायचं असेल तर दुसरा छापखाना बघा."

मुहूर्त तोंडावर आलेला, ते बघणार कुठे? पाय आपटत गेले. मी भीतभीत विचारलं, "अण्णा, तो स्वल्पविराम?" तुम्ही म्हणालात, "इथे पाहिजेच. वाचणारा जरा थांबू दे, मग तिचं नाव येऊ दे." पत्रिका हातात आल्यावर आई कितीतरी वेळ त्या नावावरून बोट फिरवत होती. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला जन्मात विसरणार नाही.

आता माझे यजमानही नाहीत. लेकीने मात्र कुणालाही न विचारता काका, काकू, मामा, मामी लिहून शेवटी माझं नाव टाकलंय. दुसऱ्यांच्या याद्यांतला तो स्वल्पविराम मी अजूनही खोडते, तुमचीच शिकवण. तुम्हीही आता नाहीत, हे पत्र काही पोस्टात टाकायचं नाही, तेव्हा सांगून टाकते. लेकीला मी उत्तर पाठवलं, "हो, देतात." धडधडीत खोटं बोलले, अण्णा.