पुढचे गिऱ्हाईक

दि. ९ फेब्रुवारी

चि. सौ. बेबीस अनेक आशीर्वाद.

तुझी वहिनी काठी न घेता बाहेरच्या खोलीपर्यंत जाऊ लागली, हे तिच्याच फोनवरून कळले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर नणंदेच्या घरी इतके दिवस काढणे तिला अवघड जाईल, अशी माझी समजूत होती. तू ती खोटी ठरवलीस. तुझे यजमान तिच्याशी पत्ते खेळताना मुद्दाम हरतात, असेही ती सांगत होती. त्यांना माझा नमस्कार.

फोन सोडून पत्र का, असे तुला वाटेल. फोनवर मी मुद्द्यावर आलो की तू ‘दादा, जेवलास का?’ असे विचारतेस, आणि मी काय जेवलो ते सांगत बसतो.

इकडील हकीकत अशी. न्हाणीघर फोडून ठेवले होते, ते तसेच आहे. गिलावा उतरवलेल्या भिंती, नळाच्या जागी ठोकलेली लाकडी खुंटी, आणि जुन्या फरशीच्या तुकड्यांची पोती गॅलरीत. मी स्वयंपाकघराच्या मोरीत बादली घेऊन आंघोळ उरकतो. माझे भागते. परंतु तुझ्या वहिनीला त्या मोरीच्या कठड्यावरून पाय उचलणे शक्य नाही, आणि म्हणूनच ती अद्याप तुझ्याकडे आहे.

आता लिहितो ते माझ्या कार्यालयात कळले तर शोभा होईल. दुसऱ्यांची बिले तपासण्यात माझी सारी हयात गेली. काम मोजून घेतल्याखेरीज पैसे सोडायचे नाहीत, हे नव्याने लागलेल्यांना मीच शिकवतो. त्याच मी तुझ्या त्या कॉन्ट्रॅक्टरला ठरलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक आगाऊ दिली. एकही फरशी बसण्यापूर्वी, साध्या चिठोऱ्यावर सही न घेता. कारण एवढेच, की तू म्हणाली होतीस, “दादा, डोळे मिटून दे.” मी मिटले.

ते उघडल्यावर काही गोष्टी दिसू लागल्या. तुझेही न्हाणीघर कित्येक महिने रखडले होते. तू आंघोळीला समोरच्या बिऱ्हाडात जात होतीस आणि त्या माणसाला शेलक्या शिव्या घालत होतीस. मग अचानक शिव्या थांबल्या. रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालणारे तुझे यजमान त्याचे गोडवे गाऊ लागले. मी पैसे दिले आणि त्याच आठवड्यात तुझ्याकडे गवंडी लागले. मी त्याला योगायोग म्हटले. योगायोगावर माझा एरवी विश्वास नसतो, तुझ्यासाठी ठेवला.

परवा वहिनी फोनवर म्हणाली, “अहो, बेबीकडची फरशी अगदी आपण पसंत केली होती तश्शीच आहे. राखाडी, खरबरीत. पाय कसा घट्ट बसतो!” तिच्या मनात काही नव्हते. तू तेव्हा जवळपास होतीस का? त्यानंतर तू फोनवर आली नाहीस, म्हणून विचारतो.

काल तो स्वतःच आला. इतके दिवस फोन न उचलणारा माणूस दारात तोंडभर हसत उभा.

“साहेब, तुमचं काम अडलंय ते माझ्याही जिवाला लागलंय हो. पण माल उचलायला हातात पैसा नको? तुमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना स्वयंपाकघर करायचंय म्हणे. दोन शब्द टाका ना! त्यांचा ॲडव्हान्स आला की आठवड्यात बाईसाहेब घरी.”

“आणि त्या बाईंचं काम?”

“त्यांच्याही ओळखीत असेलच की कुणीतरी.”

“लाज नाही वाटत?”

तो जराही रागावला नाही. “तुमच्या बहिणीलाही हेच बोललो होतो, साहेब. रडल्या थोड्या. पण तुमचा नंबर त्यांनीच दिला.”

तो खोटारडा आहे. त्याचे कोणतेही वाक्य पुराव्याविना ग्राह्य धरू नये, हे मला कळते. परंतु ‘रडल्या थोड्या’ हे लबाडाला आपणहून सुचेल, असे वाटत नाही.

आज सकाळी त्या वरच्या बाई जिन्यात भेटल्या. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, एकट्या राहतात. “भाऊ, तुमच्याकडचा माणूस कसा आहे हो? तुम्ही हिशेबाला पक्के. तुम्ही म्हणाल तो बरा.”

बेबी, आपल्या खिडकीशी, आपल्या पलंगावर बसलेली तुझी वहिनी डोळ्यांसमोर आली, आणि मी कठडा धरून उभा राहिलो. “चक्कर येतेय का?” बाईंनी विचारले. मग मी त्यांना घरात नेले आणि न्हाणीघराचे दार उघडले. त्यांनी बराच वेळ आत पाहिले. “बरं झालं विचारलं,” एवढेच म्हणून त्या वर गेल्या.

तेव्हा तो आता इकडे फिरकणार नाही, आणि दिलेले बुडाले, असे मी धरून चालतो. दुसरा माणूस शोधून, होईल त्या कामाचे पैसे देत, नव्याने सुरुवात करावी लागेल. तोवर वहिनीला तुझ्याकडेच ठेवून घे, ही विनंती. तिला मी यातले काही सांगितलेले नाही. तूही सांगू नकोस. त्या फरशीवर तिने निर्धास्त पाय टाकावा.

रविवारी येतो. पैशांचा विषय काढणार नाही, आवाज चढवणार नाही. तू चहा टाकायला उठलीस की मागोमाग मीही आत येईन. तेव्हा एवढेच सांग: त्याने माझा नंबर मागितला त्या दिवशी तू रडत माझ्याकडे का आली नाहीस? मी नाही म्हणालो असतो का?

अजूनही तुझाच,
दादा